खिंडीतली तार

१९५८ साली, भाताची झोडणी आटोपल्यावर, आमच्या गावाने खिंडीतल्या देवराईत दोन झाडांच्या मध्ये रेडिओची तार बांधली. रेडिओ गावात त्याआधीच, पावसाळ्यात आला होता. पण त्यातून ऐकू काही येत नव्हते.

गाव मुळशी धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. पूर्वेला डोंगराची एक सोंड थेट पाण्यापर्यंत उतरते. पुणे तिच्या पलीकडे. मी तेव्हा गावच्या शाळेत शिक्षक होतो आणि रेडिओ श्रोता मंडळाचा संयोजकही. त्या वर्षांत पुण्याभोवतालच्या बऱ्याच गावांत अशी मंडळे निघाली होती. सरकार रेडिओ देई. गावातल्या लोकांनी ठरलेल्या संध्याकाळी एकत्र बसून शेतीचा, आरोग्याचा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर बोलायचे आणि पडलेले प्रश्न पुण्याला कळवायचे, अशी पद्धत होती.

रेडिओ म्हणजे एक मोठी लाकडी पेटी. गावात वीज नव्हती, म्हणून सोबत विटेएवढ्या जड कोरड्या बॅटऱ्या. पेटी बैलगाडीतून आली, आणि गावात नवी वस्तू आली की जे होते ते झाले. लोकांनी ती आधी मारुतीपुढे ठेवली. हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला. देवापुढे ठेवलेली वस्तू आपल्या हाताने उचलायची नाही, असा आमच्याकडे रिवाज. पहिल्यांदा नांगर केला तरी तो देवळात ठेवतात आणि गुरव देतो तेव्हाच घरी नेतात. नांगर शेतात लागतो, म्हणून मागून घेतात. रेडिओ सगळ्यांचा होता, त्यामुळे मागायला कोणी गेले नाही. पेटी देवळातच राहिली. हवेतली तार कळसापासून समोरच्या उंबरापर्यंत ताणली आणि जमिनीत जायची तार देवळामागच्या फटीत खोचली. देऊळ सोंडेच्या अगदी पायथ्याशी आहे आणि त्याच्याखाली कातळ आहे.

बटण फिरवले की काचेमागे दिवा लागे, पेटी गरम होई आणि खरखर सुरू होई. त्या खरखरीत कधी एखादा शब्द, कधी तबल्याचा ठेका. लोक नेमाने बसत. पहिले काही आठवडे तर खरखर ऐकूनही घरी समाधानाने जात.

गावाला रेडिओची खरी गरज लागली ती गावच्या सुईणीमुळे.

सगळे तिला आक्का म्हणत. वय पन्नाशीच्या पुढचे. गावातली आणि वरच्या वाड्यांवरची बहुतेक पोरे तिच्या हातून जन्मलेली. पौडच्या सरकारी दवाखान्यात सुईणींना शिकवण्याचा वर्ग निघाला तेव्हा ती तिथे राहून आली. येताना तिने एक पत्र्याची डबी आणली. डबीत नवी ब्लेडे, दोरा, साबणाची वडी. तोवर नाळ कापायला घरातला भातकापणीचा विळा असे. आक्काने विळा सोडला. लोकांनी तिला मुभा दिली, पण विश्वास ठेवला नाही. ब्लेड पाण्यात उकळायचे म्हणजे काय, हे कोणालाच पटत नव्हते. बाळंतिणीच्या खोलीत लोखंड तापवू नये, असे बायका म्हणत.

कापणीआधी पुण्याच्या रेडिओ केंद्राची माणसे ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन पौडला आली. दवाखान्यातल्या बाईंनी त्यांना आक्काचे नाव सांगितले. आक्का बोलली आणि त्यांनी बोलणे फितीवर घेतले. त्याचे दोन भाग करून ते ग्रामीण कार्यक्रमात लागणार, असे मंडळाला कळवण्यात आले.

पहिल्या भागाच्या संध्याकाळी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका बाहेर पायऱ्यांवर. वेळ झाली, बटण फिरवले आणि अर्धा तास खरखर ऐकली. मध्ये एकदा बाईचा आवाज आल्यासारखा वाटला. तो कोणाचा, हे कोणालाही सांगता आले नाही.

बाहेर पडताना मंडळातला एक जण आक्काला म्हणाला, "आक्का, पेटीत तू हायेस का मांजर हाय?"

"मांजरच हाय," आक्का म्हणाली. "तुज्या घरचं. उपाशी मरतंय म्हणून वरडतंय."

लोक हसले, पण थट्टा थांबली नाही. पाणवठ्यावर, गिरणीवर, सगळीकडे ती चालू राहिली. आक्का पौडला जाऊन आली हे खरे, पण ती रेडिओत बोलली हे खोटे, असे काही जणांनी ठरवूनही टाकले.

आक्काला थट्टेचे काही नव्हते. तिची सून पहिलटकरीण होती. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज. सुनेचे माहेर उरवड्याचे. तिची आई तिला घेऊन जाण्यासाठी येणार होती, आणि उरवड्याला त्यांच्या घरी जी सुईण येई ती विळ्याने नाळ कापी आणि वर शेणाची राख लावी. आक्काने व्याह्यांकडे निरोप धाडला होता की नाळ ब्लेडने कापा. उलटा निरोप आला की आमच्याकडे सात पिढ्या विळाच चालतो.

"तेवडं त्यास्नी रेडिओत ऐकवा," आक्का शाळेत येऊन मला म्हणाली. "माजं कुनी ऐकत न्हाई, गुरुजी. पेटीचं ऐकत्यात."

दुसरा भाग नाळेवरचा होता. तो लागायच्या आदल्या दिवशी तिची विहीण येणार होती आणि दुसऱ्या सकाळी लेकीला घेऊन परत जाणार होती. म्हणजे ऐकायला एकच संध्याकाळ.

मी पुण्याला कळवले. सरकारी रेडिओ दुरुस्त करणारा एक मेकॅनिक आला. जीप रस्ता संपेपर्यंत आली, पुढे तो चालत आला. तो पुण्याचा, तिशीतला, बोलायला मोकळा. त्याने पेटी उघडली, आतले दिवे तपासले आणि झाकण लावले.

"पेटीला काही झालेले नाही," तो म्हणाला. "जागा बदला."

गुरवाला विचारून पेटी देवापुढून उचलली. मेकॅनिकने पेटी एकाच्या डोक्यावर दिली, बॅटऱ्या दुसऱ्याच्या आणि हातात तारेचे भेंडोळे घेऊन सगळे गाव पालथे घातले. चावडीत खरखर. शाळेत थोडी कमी. पाण्याच्या काठाला आवाज ओळखू येण्याइतका. मग आम्ही खिंडीत चढलो. सोंड जिथे डोंगराला मिळते तिथे ही खिंड आहे, आणि खिंडीत वाघजाईची देवराई. देवराईच्या सीमेच्या दगडाबाहेर थोडी सपाट जागा आहे. तिथे पेटी ठेवून तार नुसती झुडपावर टाकली, आणि पुण्याहून बाजारभाव वाचणारा माणूस समोर बसून बोलावा तसा बोलू लागला.

पेटी डोक्यावरून आणणारा गडी खाली बसला. "हितं येवडा बोलतोय," तो म्हणाला, "आन खाली का लाजत व्हता?"

मेकॅनिकने तिथेच दगडावर बसून समजावले. पुण्याच्या मनोऱ्यावरून निघालेली लहर जमिनीला धरून चालते. जमीन ओली असली, मध्ये पाणी असले, की ती लांब जाते. कोरडा कातळ लागला की जमीन तिला खाते. डोंगर आडवा आला तर ती थोडी वळून पलीकडे उतरते, पण अगदी पायथ्याशी पोचत नाही. झाडामागे जशी सावली तशी डोंगरामागे तिची सावली.

"म्हंजी आमी मारुतीला सावलीत बसवला," गुरव म्हणाला.

"मारुतीला काही अडचण नाही. रेडिओला आहे."

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. आता दुपार आहे, म्हणून नुसते पुणे ऐकू येते. लहर जमिनीवरून जाते तशी वर आकाशातही जाते. खूप उंचावर हवेचे काही थर उन्हाने भारलेले असतात. दिवसा त्यातला खालचा थर वर जाणारी लहर गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो. मग लहर आणखी वरच्या थरापर्यंत पोचते, तिथून वळते आणि शेकडो मैलांवर खाली उतरते. म्हणून रात्री लांबलांबची केंद्रे लागतात.

"तुमचे पुणे जागेवरच राहील," तो म्हणाला, "पण पाहुणे येतील. आणि पाहुणे मोठ्याने बोलतात."

ग्रामीण कार्यक्रम संध्याकाळचा. उन्हाळ्यात तेव्हा ऊन असे. थंडीत तोवर सूर्य डोंगराआड गेलेला असे. मी त्याला उपाय विचारला.

"उंच तार, चांगली ओली जमीन. पुण्याचा आवाज जेवढा वाढवता येईल तेवढा वाढवायचा. सूर्याला थांबवायचा उपाय माझ्याकडे नाही."

पुढे मी वर्तमानपत्रात नोकरी करत असताना एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांकडून हे सगळे तपासून घेतले. मेकॅनिकने सांगितले ते बरोबर होते. उंचावरच्या त्या भागाला आयनांबर म्हणतात, हे नाव मला तेव्हा कळले.

उंच तार म्हणजे देवराईतली झाडे. खिंडीत दुसरे उंच काही नाही. आणि देवराईतली वाळकी काटकीसुद्धा कोणी उचलत नाही. चपला सीमेच्या दगडाबाहेर काढतात. मेकॅनिकलाही बूट काढायला लावले आणि तो गवतातल्या काट्यांतून अनवाणी, एक एक पाऊल शोधत आत आला.

वाघजाईला विचारायचे ठरले. ही विचारण्याची रीत अशी की गुरव देवीच्या तांदळ्याला, म्हणजे देवी म्हणून पूजतात त्या दगडाला, पाणी घालतो आणि दोन बाजूंना फुलाचे कळे चिकटवतो. प्रश्न सांगतो. उजवा कळा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नाही.

गुरवाने विचारले, "आई, तुज्या झाडाला रेडिओची तार ठोकू का?"

डावा कळा पडला. आक्का सीमेच्या दगडाबाहेर उभी होती. ती तिथूनच ओरडली, "आरं, ठोकू का म्हणून कुनाला बी इचारलं तर न्हाईच म्हनंल! तिला नीट सांग की!"

गुरव चिडला. "मग तू ये, तू इचार."

"मला नगं शिकवू. खिळा मारायचा न्हाई, फांदी छाटायची न्हाई, सुंबानं बांधायचं आन काम झालं की सोडायचं, आसं सांग."

गुरवाने खाली पडलेला कळा उचलून बाजूला ठेवला. मग पुन्हा पाणी घातले, कळे लावले आणि तिने सांगितले तसे सांगितले. बराच वेळ काही पडले नाही. वारा नव्हता. मग उजवा कळा घसरला आणि खाली आला.

"नीट सांगितलं की नीट ऐकती," गुरव म्हणाला, जणू युक्ती त्याचीच होती.

वरच्या वाडीतला, मध काढणारा एक जण बेहड्यावर चढला आणि मग हिरड्यावर. दोन्हीकडे चिनी मातीचे इन्सुलेटर सुंबाने बांधले. तार मध्ये ताणली. दुसरी तार, जमिनीत जाणारी, देवराईखालच्या झऱ्याशी नेली. तिथे मेकॅनिकने खड्डा करवून तांब्याचा पत्रा पुरला, वर कोळसा आणि मीठ टाकले आणि झऱ्याचे पाणी सोडले. मीठ टाकताना एका बाईने विचारले, "ह्येला बी भाजीवानी मीठ लागतं का?"

मेकॅनिक त्याच दिवशी परत गेला.

विहीण ठरल्याप्रमाणे आली. बाई खमकी होती. उरवड्याचे घर मोठे, शेती बरी, त्याचा तोरा होता, पण बोलण्यात आडपडदा नव्हता. रेडिओच्या दिवशी दुपारी मी आक्काच्या ओसरीवर होतो. दोघी समोरासमोर बसून तांदूळ निवडत होत्या.

"ईनबाई, रागवू नगा," विहीण म्हणाली. "पर सात पिढ्या इळ्यानंच कापलीया. आमी मेलो का?"

"ज्या मेल्या त्या सांगाया येत न्हाईत," आक्का म्हणाली.

"पोरं जात्यात ती सटवाईच्या मर्जीनं. ब्लेडानं सटवाई थांबती व्हय?"

आक्काने तांदळातला खडा वेचून बाजूला टाकला. सून आतल्या दारात उभी होती. ती दोघींच्याही तोंडाकडे पाहत होती.

"सांजच्याला खिंडीत चला," आक्का शेवटी म्हणाली. "पेटी काय म्हनती त्ये ऐका. मग तुमची लेक, तुमचं घर."

"पेटीत तुमीच बोलनार म्हनं."

"व्हय."

"मग हितंच बोला की. तितं चढाया कशापायी लावता?"

तरी ती आली. सुनेला सातवा महिना, चढण नको म्हणून ती घरीच राहिली. गाव जवळजवळ सगळे वर आले होते. देवळात बायका पायऱ्यांवर बसत. इथे पायऱ्या नव्हत्या. म्हणून बायका पेटीच्या एका बाजूला बसल्या आणि पुरुष दुसऱ्या. दोन कंदील होते. पश्चिमेला डोंगरावर उजेड होता, खाली पाणी काळे झाले होते.

निवेदकाने सांगितले की आता मुळशी तालुक्यातल्या एक सुईणबाई बोलतील. मग आक्काचा आवाज आला. स्वच्छ. लोकांनी पेटीकडे पाहिले, मग आक्काकडे, मग पुन्हा पेटीकडे. आक्का तोंड मिटून बसली होती.

मांजराची थट्टा करणारा तोच माणूस पहिल्यांदा बोलला. "आवाज तुजाच हाय गं आक्का. पर जरा शुद्ध झालाय."

"तितं दम देत्यात. शुद्ध बोल म्हणून."

विहिणीने पदर नीट केला. "सारख्या आवाजाच्या बाया लई आसत्यात," ती शेजारणीला म्हणाली. हे सगळ्यांना ऐकू गेले.

पेटीतली आक्का सांगत होती, "नाळ कापायला विळा घेऊ नका. विळा शेणात पडतो, मातीत पडतो. आपण तो धुतो आणि वाटतं, झाला स्वच्छ. तो स्वच्छ होत नाही. नवं ब्लेड घ्या, आणि ते पाण्यात…"

इथे आवाज खाली गेला. त्याच्या खालून दुसरा वर आला. कोणत्या तरी परक्या भाषेतले गाणे, वाद्यांसह, अगदी ठळक. मी बटण एक केसभर इकडे, एक केसभर तिकडे फिरवले. गाणे तसेच राहिले. मेकॅनिकने सांगितलेले पाहुणे आले होते. लोकांत कुजबुज सुरू झाली. कोणी तरी म्हणाले, "घ्या. सुईन गेली, तमाशा आला."

तेव्हा आक्का बोलू लागली. उठली नाही, आवाज चढवला नाही.

"ते पाण्यात घालून उकळा. पानी खदखदलं पायजे. भात शिजंस्तवर उकळू द्या. तवर आपलं हात कोपरापातूर साबनानं धुवा. दोरा बी उकळा. नाळ दोन जागी बांदा, मग मदी कापा…"

गाणे चालूच होते. तिच्या वयाची बाई पुरुषांसमोर बाळंतपणाचे असे कधी बोलली नव्हती. पुरुष खाली पाहत होते, पण कोणी उठले नाही. ती पुढे सांगत गेली. "कापल्यावर राख लावू नका. हळद लावू नका. शेन तर…"

गाणे मावळत गेले आणि पुण्याचा आवाज परत वर आला.

"…शेण तर मुळीच लावू नका," पेटी म्हणाली.

समोर बसलेली आक्का आणि पेटीतली आक्का त्या वाक्यावर एकत्र आल्या. भाषा वेगळी, आवाज एक. आक्का थांबली. पेटी पुढे बोलत राहिली.

"सातव्या दिवशी बाळाला आचके येतात, दातखीळ बसते. त्याला आपण सटवाई म्हणतो. ती सटवाई नाही. तो धनुर्वात आहे आणि तो आपल्या विळ्यातून येतो. माझं धाकटं पोर असंच गेलं. विळा माझ्याच घरचा होता."

हे आक्काने गावात कधी सांगितले नव्हते. पोर गेले हे जुन्या बायकांना माहीत होते. विळ्याचे माहीत नव्हते. बोलणे संपले, निवेदकाने पुढच्या कार्यक्रमाचे नाव घेतले आणि मी पेटी बंद केली.

कार्यक्रम संपला की मंडळात चर्चा व्हायची, हा नियम होता. मी नेहमीप्रमाणे विचारले की कोणाला काही विचारायचे आहे का. विहीण बोलली. तिने मला नाही, सरळ आक्काला विचारले.

"ईनबाई, उकळाया पातेलं कंचं? रोजचं चालतं का येगळं लागतं?"

"येगळं ठेवा," आक्का म्हणाली. "ल्हानसंच. त्येच्यात दुसरं काय शिजवू नका."

"झाकन?"

"झाकन पायजे."

कंदील घेऊन सगळे खाली उतरले. दुसऱ्या सकाळी विहीण लेकीला घेऊन उरवड्याला गेली. आक्काची पत्र्याची डबी तिच्या पिशवीत होती. ती मागितली की दिली, हे मला कळले नाही.

तार देवराईत पुढच्या वळवाच्या पावसापर्यंत राहिली. वादळात बेहड्याकडचे सुंब तुटले. तोवर मंडळाने खिंडीजवळ, सीमेच्या दगडाबाहेर, तारेसाठी स्वतःचा उंच वासा उभारला होता. गुरवाने देवीला तसे सांगितले.

उरवड्याहून निरोप आला तो त्याआधीच, भाताच्या रोपांसाठी राब भाजणे चालले होते तेव्हा. रिवाजाप्रमाणे सासूने बारशाला जायचे असते. पण विहिणीने कळा सुरू होण्याआधीच माणूस पाठवला होता, आक्काला घेऊन ये म्हणून. आक्का त्याच्याबरोबर चालत गेली.

मुलगी झाली. सातवा दिवस गेला, आठवा गेला. बाराव्या दिवशी मी मंडळाच्या काही जणांबरोबर बारशाला उरवड्याला होतो. स्वयंपाकघरात चुलीमागच्या फळीवर, इतर भांड्यांपासून लांब, एक लहान पितळी पातेले पालथे घातले होते. त्याच्यावर त्याचे झाकण होते.